एकोणपन्नास

फहाहीलला मुबीन हमदुलेच्या खोलीतला खिडकीचा एसी
सुरात नव्हता.
ऑस्कर म्हणाला, "ई आहे, पण जरा पडलेला,
दिवसपाळी करून आलेला ई."
एसी बंद करायचा तर मरायचं,
म्हणून आम्ही गिटारी त्याच्यापर्यंत उतरवल्या.
गाणं तिथून सुरू होतं. शब्द नंतर आले.

शब्द माझे. म्हणजे रेडिओचे.
जुलैभर बातम्यांत तापमान एकोणपन्नास.
पन्नास झालं तर काम थांबवावं लागतं
असं सगळे म्हणायचे; कायदा कुणी पाहिला नव्हता.
साइटवर पाना रुमालात गुंडाळून फिरवायचा,
आणि संध्याकाळी तोच शांत आवाज: एकोणपन्नास.
मी ते ड्रॉइंगच्या पाठीवर अकरा वेळा लिहिलं.
मुबीननं खाली ठेका टाकला,
दाभोळच्या किनाऱ्यावर होडी ओढताना धरतात तसला,
दोन ठोके आणि एक दम खायची जागा.

गायला रूथ साळवे. नगरची, मिशनच्या दवाखान्यात शिकलेली नर्स,
चर्चमध्ये कायम दुसऱ्या रांगेत, खालच्या पट्टीत उभी केलेली.
नाइट संपवून यायची, बूट काढायची,
आणि एकोणपन्नास असं म्हणायची
जसं थर्मामीटर झटकत सांगावं, काळजी करू नका.
ऐकणाऱ्याला राग यायचा. तेच हवं होतं.

पहिला प्रयोग कुठल्याशा सिमेंटवाल्याच्या निरोपाला,
अठ्ठ्याऐंशीतला एक शुक्रवार. बिर्याणी आमच्या आधी आली.
टाळी एकट्या वाढप्यानं वाजवली, तीही पळी खाली ठेवून.

दुसरा शाळेच्या हॉलमध्ये. गार हॉलात सेक्रेटरी घामाघूम,
"दुसरं कडवं गाळा, पुढे मोठी माणसं बसलीयत."
दुसऱ्या कडव्यात कफीलच्या कपाटातले आमचे पासपोर्ट होते.
गाळलं. रूथ तिथं तोंड मिटून नुसती गुणगुणली,
सोळा मात्रा,
आणि मागच्या रांगांतून एकेक खुर्ची करकरायला लागली.
ते कडवं पुन्हा कधी गायलंच नाही.
शब्द आता मलाही आठवत नाहीत.

मग नव्वदचा ऑगस्ट.
ड्रम, अँप, ऑस्करची लाल गिटार, सगळं कुलपात,
किल्ली मुबीनच्या गळ्यात ताइताशेजारी.
जॉर्डनच्या हद्दीवर, तंबूंमध्ये, पाण्याच्या रांगेत
कुणीतरी रूथला ओळखलं: "ते आकड्याचं म्हणा ना, सिस्टर."
टँकरचं इंजिन चालू होतं,
जवळपास त्याच सुरात, थोडं जाडसर.
मुबीन डब्यावर. मी बेस नसलेला बेसवाला,
चौघांच्या बादल्या धरून.
तो सगळ्यात चांगला प्रयोग, असं लोक सांगतात.
मला एवढंच आठवतं की गाणं संपेपर्यंत
रांग सहा माणसं सरकली होती.

ब्याण्णवला परतलो. किल्ली लागली.
आत काही नव्हतं, खिडकीत चौकोनी भोक.
ऑस्कर आलाच नाही; टोरंटोहून कॅसेट मागत राहिला,
आणि कॅसेट आम्ही कधी काढलीच नव्हती.

पुढं एका उन्हाळ्यात सरकारी आकडा त्रेपन्न आला.
सरळ, बातम्यांत, दशांशासकट.
आकाश काही कोसळलं नाही.
मुबीनचा फोन: "आपलं गाणं खोटं पडलं रे."

गेल्या हिवाळ्यात साल्मियाला त्याच्या नातवाच्या बँडनं ते वाजवलं.
मोबाइलवर सूर लावून, काटेकोर ई.
त्रेपन्न अर्ध्याच जागेत मावतो, म्हणून दोनदा म्हटला.
पोरं नाचली. मीही मान हलवली, दात दुखत असल्यासारखी.

रेकॉर्डिंग रूथला पाठवलं, नगरला.
आठवड्यानं तिचा आवाजी निरोप:
आधी बराच वेळ नुसता पंखा, मग खाकरणं,
मग "वर चढवलंय त्यांनी. एसी कुठाय?"
आणखी काही सांगणार होती,
पण दारात कुणी आलं असावं, तिथंच संपतं.